पणजीचे माहेरचे नाव काय?

यंदा सातवीच्या मुलांनी प्रकल्पासाठी आपापल्या घराण्यांचे वंशवृक्ष काढले. ते आम्ही उत्सुकतेने पाहिले. मुलांनी मेहनत घेतली आहे, यात शंका नाही. पण आई-आजीच्या पलीकडे गेले की बहुतेक तक्त्यांत नावे पुरुषांचीच. बायका एकतर नाहीत, किंवा नुसते 'पत्नी' एवढेच लिहिलेले. दोष मुलांचा नाही. ज्या कुलवृत्तांतांवरून त्यांनी उतरवून घेतले, त्यांची रीतच तशी आहे.

पुढील वर्षी प्रत्येक मुलाने एका पणजीचा किंवा खापरपणजीचा शोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अडचण नावापासूनच सुरू होते. लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिले की जन्मनाव मागे पडे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉ. आनंदीबाई जोशी याही यमुनाच. आपल्या बडोद्यातले उदाहरण तर रावपुऱ्यात उभे आहे. ज्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ तिथला टॉवर १८९६ साली बांधला, त्या तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई. १८८५ साली त्या वारल्या. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांचा देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी विवाह झाला आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. राण्यांची ही कथा, मग साध्या घरांचे काय! पणजी बिजवराला दिलेली असेल तर पहिलीचे नाव घरात कोणी काढत नाही. तिची मुले मात्र वंशवृक्षात असतात. अशा गोष्टी मुलांपासून लपवू नयेत, असे आमचे मत आहे. लहान वयातले लग्न, बाळंतपणात आलेला मृत्यू, वैधव्य हाही घराण्याचाच इतिहास आहे.

शोधायचे कुठे? जनगणनेचा उपयोग नाही. तिचे छापील तक्ते मिळतात, घरोघरच्या याद्या जपलेल्या नाहीत. पितृपक्षात पुष्कळ घरांत आई, आजी, पणजी अशी तीन नावे उच्चारतात. ती यादी गुरुजींकडे किंवा आजोबांच्या वहीत असते, पण त्यात नावे सासरची. माहेरचे नाव हवे असेल तर माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत पाहावा. तिथे मुलींना एखादी ओळ मिळालेली असते आणि जावयाचे नाव-गाव त्यातच सापडते. कुलवृत्तांत सर्वच घराण्यांचे छापलेले नाहीत. अशा घरांनी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी उतरवावीत. रुखवताच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले असते. साल शकातले असेल तर त्यात ७८ मिळवावेत, संवत असेल तर ५७ वजा करावेत, म्हणजे इसवी सन साधारण कळते. ही भांडी हल्ली भराभर मोडीत निघत आहेत. निदान त्यावरची अक्षरे तरी आधी उतरवून घ्या.

बडोद्याला मात्र एक सोय आहे, जी इतर पुष्कळ गावांना नाही. महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. त्यात मुलीही होत्या. म्हणजे त्यानंतर या राज्यात शाळेत गेलेल्या मुलीचे नाव शाळेच्या पटावर चढले, तेही लग्नाआधीचे, वडिलांच्या नावासह.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे. आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे कपाटात कसरीच्या स्वाधीन न करता त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत, आणि पालकांनी अर्ज केल्यास त्यांच्या घरातील नोंद त्यांना दाखवावी. मे महिन्यात मोडी वाचनाचा आठवडाभराचा वर्ग ठेवला, तर घरोघरच्या ट्रंकांतले कागदही उलगडतील.

पालकांनी मात्र मे महिन्याची वाट पाहू नये. घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील, तर या रविवारीच मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवावे. पहिला प्रश्न शीर्षकात दिलाच आहे.