एक रिकामटेकडा गडी

भाऊबीजेला भातसानगरला बहिणीकडे जायचे, दोन दिवस धरणाची हवा खायची आणि मुंबईला परतायचे, हा माझा दरसालचा परिपाठ. यंदा मात्र हात शिवशिवले. भाचीचा कॉम्प्युटर नुसता कण्हत होता. एक अक्षर टाइप करावे, तर ते उमटायला पाच सेकंद! कॉलेजचा अहवाल तसाच टाकून ती फराळ आणायला आत गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, एवढे ठाऊक होते. त्यातले ‘डीटेल्स’चे पान काढले आणि छातीत धस्स झाले. आपले काम एक, आणि ओळी शंभरावर! एसव्हीसीहोस्ट ह्या एकाच नावाच्या तर साठ-सत्तर. सगळ्यांत वर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’, सीपीयू ८५. चोर सापडला! पण त्याला बाहेर काढू गेलो, तर तो ढिम्म हलेना. चिडून खाली पाहिले, तो सीएसआरएसएस नावाच्या दोन ओळी. एकाच नावाचे दोन गडी कशाला? एकाला निरोप दिला. ‘विंडोज बंद पडेल, सेव्ह न केलेले जाईल,’ असा इशारा आला. असले इशारे सिगारेटच्या पाकिटावरही असतात. मी होकार दिला आणि पडदा निळा झाला.

भाची ताट घेऊन दारात उभी.

“मामा, तीन पानं सेव्ह करायची राहिली होती,” एवढेच ती म्हणाली. रडली असती तर बरे वाटले असते.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तिने मला शेजारी बसवले. आयडल प्रोसेस हा राबणारा गडी नव्हेच. प्रोसेसर किती रिकामा आहे, त्याचा तो आकडा. ८५ म्हणजे काम पंधराच टक्के. सीएसआरएसएस दोन, कारण एक विंडोजच्या आतल्या सेवांसाठी आणि दुसरा लॉग-इन केलेल्या माणसासाठी. कोणताही एक गेला की सगळा कारभार थांबतो. एसव्हीसीहोस्ट म्हणजे ह्या सेवांचे बिऱ्हाड. पूर्वी एका खोलीत अनेक सेवा नांदत. २०१७ पासून विंडोज १० मध्ये, ३.५ जीबीहून अधिक मेमरी असली, तर बहुतेकींना स्वतंत्र खोली मिळते. एक आजारी पडली तर बाकीच्यांना झळ नको. (नावातली अक्षरे उलटसुलट करून एखादा व्हायरस ह्या चाळीत घुसतो खरा. ओळीवर उजवे क्लिक करून फाइलचा पत्ता पाहावा. तो सिस्टिम३२ चा नसेल तर संशय घ्यावा.)

“मग हा कण्हत का होता?”

तिने ‘प्रोसेसेस’च्या पानावर ‘डिस्क’चा रकाना दाखवला. शंभर टक्के! हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरती. महिनाभर बंद असलेले मशीन दिवाळीत उघडल्याबरोबर तुंबलेले अपडेट आणि व्हायरसची तपासणी एकदमच तिच्यावर तुटून पडली होती. प्रोसेसर बिचारा ताटकळत बसला होता. उपाय? मशीन चालू ठेवून जेवून यायचे.

धरणाच्या नोकरीतून निवृत्त झालेले भाऊजी इतका वेळ वर्तमानपत्रात होते. आता त्यांनी ते खाली घेतले. “इथून सोडलेलं पाणी नदीनं पिसे बंधाऱ्यावर जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं, मग तुमच्या मुंबईच्या नळाला येतं. तिथे दोन पंप सारखे दिसले, तर कृपा करून हात लावू नका.”

जेवणानंतर भाचीने ती तीन पाने पुन्हा टाइप केली. मी तिला मदत केली, असे बहिणीला सांगितले आहे. खरे म्हणजे मी चकल्या पुढे करीत होतो.