कंबरेची कळ : एक इंजेक्शन की दोन?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अम्मींच्या कंबरेतून निघणारी कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरू लागली. सजद्यातून उठवेना, म्हणून त्या खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या. अशी सायटिका पुष्कळांना दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होते. अम्मींना मात्र तीन महिने गोळ्या आणि व्यायाम करूनही आराम पडला नाही. एमआरआयमध्ये चकती सरकून नस दबल्याचे दिसले. डॉक्टरांनी स्टिरॉइडची दोन इंजेक्शने एकाच वेळी सुचवली. खर्च दुप्पट, त्यात अम्मींना मधुमेह. आम्ही आधी सगळे विचारून घेतले.

एक इंजेक्शन माकडहाडाच्या वर असलेल्या फटीतून देतात. ही वाट सोपी. औषध खालून वर पसरते, पण दुखऱ्या नसेपर्यंत किती पोहोचेल याची खात्री नसते. दुसरे, नस मणक्यातून जिथे बाहेर पडते त्या छिद्राजवळ देतात. थोडेच औषध नेमक्या जागी जाते. मात्र जवळच रक्तवाहिन्या असल्याने एक्स-रेच्या पडद्यावर पाहतच सुई घालावी लागते. दोन्ही दिली तर नेमकेपणा आणि पसारा दोन्ही साधेल, हा जोडीमागचा विचार. पण जोडी एकापेक्षा दीर्घकाळ सरस ठरते, असे पक्के सिद्ध झालेले नाही. शिवाय स्टिरॉइडचा एकूण डोस वाढला, तर साखरही जास्त चढू शकते.

अम्मींची एकच नस दबली होती. हे बोलून झाल्यावर डॉक्टरांनीही छिद्राजवळचे एकच इंजेक्शन पुरेसे मानले. त्यानंतर चार दिवस साखर चढली. आम्ही रोज मोजत होतो, त्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही. आठवड्याभरात कळ निम्म्यावर आली.

पण इंजेक्शनाने चकती जागेवर बसत नाही. नसेभोवतीची सूज उतरते, तीही काही आठवडे किंवा महिने. त्या सवडीत चालणे आणि व्यायाम सुरू केला तरच खर्च सार्थकी लागतो.

तुमच्या घरी ही वेळ आली तर विचारा : किती नसा दबल्या आहेत? दोन सुया कशासाठी? एकूण डोस किती? मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आधीच सांगा. पाऊल लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर इंजेक्शनाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.