शेवग्याच्या पानांवरील फवारणी : हिरवेपणा आणि हिशेब

आमच्या चामटोलीच्या बाजूस शेवगा पूर्वीं परसांत किंवा भातखाचराच्या बांधावर एखाददुसरा असे. आतां बदलापूरचा बाजार जवळ असल्यामुळें कांहीं खातेदारांनीं तो ओळींनीं लावला आहे. त्याच्या मागोमाग पानांवर फवारण्याच्या बाटल्याही आल्या. कोणी युरिया फवारतो, कोणी समुद्रशेवाळाचा अर्क, तर कोणी 'टॉनिक' या नांवावर मिळेल तें. आठ दिवसांनीं झाड हिरवेंगार दिसलें कीं पैसे वसूल झाले, असें मालकास वाटतें. ही समजूत तपासून घेण्याजोगी आहे.

मी शेतकी शाळेंत शिकलेला नाहीं. हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. परंतु पीककापणी प्रयोगाचे कागद हाताळतांना एक गोष्ट अंगवळणी पडली. शेत कसें दिसतें यावरून तेथें उत्पन्न लिहीत नाहींत. ठराविक तुकडा मोजून, कापून, झोडून व तोलून मगच आंकडा पडतो. बाटलीस वेगळा न्याय कां लावावा?

पान अन्न घेऊं शकतें, यांत शंका नाहीं. त्यावर मेणचट थर असतो, तरी थोडें द्रव्य आंत शिरतें. जस्त, बोरॉन, लोह हीं द्रव्यें झाडास ग्रॅमांच्या मापानेंच लागतात. त्यांची उणीव असेल तर ती पानावाटे भरून निघूं शकते. नत्राची गोष्ट निराळी. शेंकडा २ प्रमाणाचें युरियाचें द्रावण एकरीं २०० लिटर फवारलें, तर ४ किलो युरिया पडला. त्यांत नत्र १ किलो ८४० ग्रॅम, आणि त्यांतलेंही कांहीं जमिनीवर ठिबकणार. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्धा धरला, तरी एका टनांत ५ किलो येतो. २०२१ सालीं बाजारांत आलेल्या नॅनो युरियाच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलींत शेंकडा ४ प्रमाणें २० ग्रॅम नत्र होता. ४५ किलोच्या गोणींत तो २० किलो ७०० ग्रॅम असतो. अशी एक बाटली गोणीचें काम करते असें सांगितलें गेलें, तेव्हां ज्यास त्रैराशिक येतें त्यानें खुलासा विचारावयास हवा होता.

शिवाय हिरवेपणा म्हणजे शेंग नव्हे. नत्र फार झाला कीं शेवगा पाल्यावर जातो व शेंग कमी धरतो. पाला विकणारास तो लाभ आहे. शेंग विकणारास नाहीं.

माझ्या फजितीचीही नोंद असावी. गेल्या वैशाखांत मीं घटकद्रव्यें न छापलेली एक बाटली घेतली आणि प्रमाण वाढवून भर दुपारीं फवारली. पानांच्या कडा करपल्या. दोष निम्मा बाटलीचा, निम्मा माझा. पुढें मृगाचा पाऊस पडला आणि फवारलेलीं व न फवारलेलीं झाडें सारखींच हिरवीं झालीं. बाटलीचे गुण गाणारे आमच्या आळींत तेव्हांही होते. पावसाचे गुण कोणी गाइले नाहींत. 'जैवउत्तेजकें' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांना २०२१ सालीं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालीं आणलें आहे. तेव्हां छापील घटकद्रव्यें व पक्की पावती मागणें हा आपला हक्क आहे. मीं मागितली नव्हती.

दुसरें असें कीं, शेवग्याचा पाला व फुलें आपण खातों. दक्षिण कोंकणांत गोकुळाष्टमीस पाल्याची भाजी लागतेच. ज्या पंपांतून कीटकनाशक मारलें तोच न धुतां खताला वापरणें हा निष्काळजीपणा घरच्याच ताटांत उतरतो. फुलोऱ्यांत विष फवारल्यास मधमाश्या व भोंवरे जातात आणि त्यांच्यावांचून फलधारणा खुंटते.

आमच्या गांवीं तर पहिला खर्च पाण्याच्या निचऱ्यावर व्हावा. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्याच शिवाराजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांस सोडवावें लागलें. ज्या जमिनींत असें पाणी चढतें तेथें शेवग्याच्या मुळांची काय गत होत असेल! साचलेलें पाणी या झाडास सोसत नाहीं, आणि कुजल्या मुळावर पानांवरचा कोणताही उपाय चालत नाहीं. उंच वरंबा, बाजूस चर, बुडाशीं शेणखत आणि रोप कंबरेस लागलें कीं शेंडा खुडणें, एवढें झाल्यावर मग पंप पाठीवर घ्यावा.

गंमत अशी कीं, आपण शेवग्यावर परका अर्क शिंपडतों, आणि मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत शेवग्याच्याच कोंवळ्या पाल्याचा रस पाणी घालून इतर पिकांवर फवारून पाहिला गेला. त्यांत झिएटिन नांवाचें वाढीस चेतना देणारें द्रव्य असतें.

ज्यांस फवारणी करावयाचीच आहे त्यांनीं एका ओळींतील दहा सारखीं झाडें निवडावीं. एकाआड एक झाडावर औषध व उरलेल्यांवर त्याच वेळीं तितकेंच साधें पाणी फवारावें. कारण नुसत्या पाण्यानेंही धूळ धुतली जाऊन पान टवटवीत दिसतें. मग रंग न पाहतां प्रत्येक झाडाच्या शेंगा मोजाव्या, तोलाव्या, आणि बाटलीची किंमत व मजुरी शेजारीं मांडावी. असें टिपण कोणीं ठेविल्यास, आंकडे बाटलीच्या बाजूनें असोत वा विरुद्ध, तें या मासिकाकडे अवश्य धाडावें. माझी वही मीं या मोसमापासून घातली आहे.