पबपर्यंतची पायवाट



'पब' हा शब्द तुकोगंजातल्या आमच्या घरात निघाला की आईच्या कपाळाला आठी पडते. पब म्हणजे अंधार, कानठळ्या बसवणारी गाणी आणि वाया गेलेली मुलं, हे तिचं पक्कं मत. कंपनीच्या कामासाठी आम्ही दीड वर्ष केंब्रिजला होतो, तेव्हा उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिने राहायला आले. "रविवारी दुपारी ग्रँटचेस्टरला चालत जाऊ, तिथल्या पबमध्येच जेवू," असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी वरण-भात लावते." शेवटी बाबांनी मनवलं.

केंब्रिज म्हणजे आपले रँग्लर परांजपे १८९९ साली जिथे गणितात पहिले आले ते गाव. तिथून ग्रँटचेस्टर जेमतेम तीन किलोमीटर. कॅम नदीच्या काठाने, हिरव्या कुरणातून वाट जाते. मध्ये फाटकं लागतात, माणूस वळून आत जाईल पण गाय बाहेर येणार नाही अशी. कुरणात गाई निवांत चरत होत्या. आईने प्रत्येकीची मराठीत विचारपूस केली. गुडघ्याची तक्रार मात्र एकदाही नाही.

पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', गावाचं सामाईक घर. ठेंगणं छत, मागे बाग, बागेत बाकं. वेटर येत नाही, आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं आणि पैसे द्यायचे. शेजारच्या बाकावर आजी, नातवंडं आणि टेबलाखाली झोपलेला कुत्रा. आम्ही सालासकट भाजलेला मोठा बटाटा, त्यावर चीज आणि बीन्स मागवले. आईने लिंबाचं सरबत घातलेला सोडा घेतला. तासभर कोणी उठा म्हटलं नाही. बाबा म्हणाले, "अरे, हा तर आपला ओटलाच झाला!" आई हसली. त्या दिवसापासून पबवरचा तिचा राग निम्मा तरी उतरला.

परतताना तिने विचारलं, "ही जागा कोणाची रे?" कुरण किंग्ज कॉलेजच्या मालकीचं आहे, हे ऐकून ती थबकली. "मग आपल्याला कसं येऊ देतात?"

मंडळी, खरी गोष्ट इथेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत आणि त्यातल्या बहुतेक खासगी जमिनीतून जातात. जमीन मालकाची, पण वाटेवर चालायचा हक्क सगळ्यांचा. उभ्या पिकातून वाट जात असेल तर ती मोकळी ठेवणं शेतकऱ्याचं काम. हे सहज मिळालेलं नाही. किंडर स्काउट नावाचं पठार शिकारीसाठी राखीव होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण मुद्दाम त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने वाटांचे अधिकृत नकाशे करणं स्थानिक परिषदांना बंधनकारक झालं. नकाशात वाट आली की ती सहजी बुजवता येत नाही.

हे सांगायचं कारण घरचंच आहे. सांवेर तहसिलीत आमच्या काकांचं थोडं शेत आहे. गावातून नदीकडे जाणाऱ्या वाटेने ते चाळीस वर्षं रोज पहाटे चालत. मागच्या वर्षी तिथे एक नवी कॉलनी आली आणि वाटेवर भिंत उभी राहिली. काका सत्तरीचे. आता ते हायवेच्या कडेने, ट्रकांची धूळ खात चालतात. काकू ते परत येईपर्यंत दारात उभी असते.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या नोंदीची तरतूद आहे. गावाच्या रूढी आणि वहिवाटी, रस्त्याचा हक्कसुद्धा, त्यात लिहिले जातात. शेतात किंवा चराईच्या जमिनीवर जायच्या वाटेवरून वाद झाला तर कलम १३१ खाली तहसीलदार चौकशी करून निर्णय देऊ शकतो. काकांच्या गावची नोंद काढण्यासाठी मी अर्ज केला आहे. काय निघतं ते पुढच्या महिन्यात कळवेनच.

तोवर एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची मुळं देवास, धार, उज्जैनकडच्या गावांत आहेत. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आजोबा ज्या वाटेने शेतात, नदीवर किंवा देवीला जात, ती वाट मुलांना बरोबर घेऊन एकदा चाला. मोबाइलवर तिचा नकाशा जपून ठेवा, जुन्या माणसांना वाटेचं नाव विचारून लिहून ठेवा आणि पटवाऱ्याकडे नोंद आहे का ते बघा. बरोबर चिवडा आणि थर्मासमध्ये चहा असू द्या. पब नसला तरी चालेल, वाट मात्र हवी.