दीर्घकालीन वेदना आणि 'स्वतः सांभाळा'

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना हा आता स्वतंत्र विकार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला वेगळे स्थान आहे. त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने सांगितले की, ज्या दीर्घ वेदनेचे स्पष्ट मूळ कारण सापडत नाही तिच्यासाठी पॅरासिटामॉल वा अफूजन्य वेदनाशामके सुरू करू नयेत. व्यायाम व मानसोपचार यांचा विचार व्हावा.

सल्ला रास्त आहे. परंतु गोळी नाकारून तिच्या जागी काहीच दिले नाही, तर 'स्वतः सांभाळा' म्हणजे निव्वळ हात झटकणे होय, असे आम्हांस वाटते. सांभाळणे शिकावे लागते. बरे वाटले की आठवड्याची कामे एका दिवसात उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र (आपल्या घरोघरच्या गृहिणींना ते ठाऊक आहे) कामाचे व विश्रांतीचे माप ठरविल्यावाचून मोडत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी असा वर्ग उभारला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा; शिकविणारे प्रशिक्षित सामान्यजन, अनेकदा स्वतःच संधिवाताचे रुग्ण.

आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या भेटीस जाणारी मंडळी आहेत, सभागृहेही आहेत. उणीव आहे ती प्रशिक्षणाची, आणि ते देऊ शकणाऱ्या डॉक्टरांना बोलावण्याची.