ओसरीची जाळी : चैन नव्हे, घराचा भाग

घर बांधताना आपण पाया, भिंती, स्लॅब किंवा टिन, दार, खिडक्या आणि शेवटी रंग असा हिशेब करतो. डासांच्या जाळीला त्या हिशेबात जागा नसते. पैसे उरले तर पाहू म्हणतो, आणि पैसे उरत नाहीत. कुणी लावलीच तर आतल्या खोलीच्या खिडकीला लावतो. पण वाशीम जिल्ह्यातली आपली माणसे दिवसाचा जास्त वेळ ओसरीत नाहीतर छपरीत असतात. म्हातारे आईबाप तिथल्या बाजेवर दुपारी पडतात, मुले तिथेच अभ्यास करतात, धान्य तिथेच निवडले जाते. डेंग्यूचा डास चावतो तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. रात्रीची मच्छरदाणी हिवतापाच्या डासापासून वाचवते. डेंग्यूसाठी ती एकटी पुरत नाही. म्हणून माझे म्हणणे आहे की जाळीची पहिली जागा ओसरी.

जाळीचा उपयोग जुन्या काळीच सिद्ध झाला आहे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला. पुढे १९०० मध्ये इटलीत रोमजवळच्या दलदलीत सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर जाळी लावलेल्या झोपडीत हिवतापाचा हंगामभर राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, सूर्य मावळण्याआधी आत यायचे. क्विनाइन न घेताही त्यांना हिवताप झाला नाही.

नंतर अमेरिकेने पनामा कालवा खोदला. तिथे गोऱ्या नोकरांना जाळीबंद व्हरांड्यांची घरे मिळाली. वेस्ट इंडीजमधून आणलेल्या हजारो कृष्णवर्णीय मजुरांच्या वाट्याला कोंदट बराकी किंवा स्वतः उभारलेल्या झोपड्या आल्या. दोघांच्या पगाराची यादीही वेगळी होती, एक सोन्याची आणि एक चांदीची. डास जात पाहत नाही, पण जाळी कुणाला मिळते हे माणसेच ठरवतात. गावाच्या कडेला, नाल्याजवळ वस्ती असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच घरकुलाच्या वेळी हा विषय काढला पाहिजे. रमाई आवास योजनेचे घर २६९ चौरस फुटांचे. एवढ्यात कुटुंब मावत नाही, म्हणून पुढे टिनाची छपरी आपण पदरचे पैसे घालून काढतोच. तेव्हाच जाळीची चौकट बसवून घ्या. खांब उभे असताना हे काम स्वस्त पडते. आणि घरकुलाच्या अंदाजपत्रकात दाराइतकीच जाळीही धरली जावी, अशी मागणी ग्रामसभेत नोंदवा.

जाळी घेताना रंग पाहू नका, छिद्रे मोजा. एका इंचात १६ ते १८ छिद्रे हवीत. हिरवी शेडनेट ऊन अडवते, डास नाही. साधी लोखंडी जाळी पावसाळ्यात गंजते. फायबरची जाळी परवडते आणि गंजत नाही, मात्र उंदीर ती कुरतडतात. स्टीलची महाग, पण वर्षानुवर्षे टिकते. भाड्याच्या खोलीला वेल्क्रोची नायलॉन जाळी चालेल.

बसवताना खालचे दोन-अडीच फूट वीट किंवा पत्रा ठेवा, म्हणजे शेळ्या, कोंबड्या आणि लहान मुलांकडून ती फाटणार नाही. टिनाच्या पन्हाळ्यांखाली जी फट राहते ती बुजवा. बहुतेक ठिकाणी डास तिथूनच येतात. जाळीचे दार बाहेर उघडणारे आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारे असावे, खाली रबरी पट्टी असावी. धूळ बसली की वारा अडतो, म्हणून महिन्यातून एकदा जाळी धुवा.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाणी उघडे असेल तर जाळीला अर्थ नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण ड्रम, रांजण, टाक्या भरून ओसरीतच ठेवतो. डेंग्यूच्या डासाला असेच साठलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अशा घराला जाळी लावली तर डास आतच जन्मतील आणि आतच चावतील. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासा, कारण अंडी कडांना चिकटतात. रिकामी करता न येणारी टाकी कापडाने घट्ट बांधा. उन्हाळा संपला की कूलरची टाकी कोरडी करा. संडासाच्या व्हेंट पाइपलाही जाळी बांधा.

घरात ताप आला तर रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या पहिल्या दिवसांत त्याला चावलेला डासच पुढे शेजाऱ्याला आजारी पाडतो. रक्त सरकारी दवाखान्यात तपासा आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने देऊ नका. आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बायामुले, म्हातारी माणसे जमतात. नेमके हेच महिने डेंग्यूचे. कॉइलचा धूर दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला सोसत नाही. जाळी धूर न करता, कुणाला न मारता डासाला बाहेर ठेवते. पहिल्या शीलालाही ते शोभते. विहार समितीने यंदाच्या वर्गणीतला पहिला खर्च विहाराच्या ओसरीच्या जाळीवर करावा. समाजमंदिरासाठी ग्रामपंचायतीकडे मागासवर्गीय कल्याणाच्या राखीव निधीतून लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. विहाराला लागलेली जाळी वस्ती रोज पाहील, तेव्हा घरोघरीही ती लागायला वेळ लागणार नाही.