सनईची धाकटी बहीण

पाश्चात्यांच्या वाद्यवृंदात ओबो नावाचे एक वाद्य असते. दोन पातळ पात्यांतून फुंक मारून वाजवायचे. म्हणजे आपल्या सनईचे चुलत भावंडच! फरक मानाचा. तिकडे सारे वादक ओबोच्या सुराशी आपापली वाद्ये जुळवून घेतात. आमच्या जळगाव-धुळ्याच्या लग्नांत सनईवाला बसतो मांडवाच्या दाराशी, आणि त्याने कोणता राग आळवला याची वरपित्याला दादही नसते. आता तर कार्यालयांतून सनई यंत्रावरच लावतात. यंत्राला जेवायला वाढावे लागत नाही, ही सोय खरी!

बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळाले, ते आपण जाणतो. पण आपल्याच सोलापूरच्या सिद्राम जाधवांचे नाव किती घरांत ठाऊक आहे? त्यांचे वाद्य सुंदरी. सनईहून लहान, सुराला उंच. हे नाव अक्कलकोटच्या राजेसाहेबांनी दिलेले. सनईत भोक बोटाने अर्धवट झाकून, फुंकेचा दाब सांभाळून मींड काढायची असते. सुंदरीची भोके तर जवळजवळ. बोट केसभर सरकले की सूर गेलाच. अशा एवढ्याशा नळीवर सिद्रामजींनी ख्यालगायकीच्या अंगाने राग मांडला आणि सुंदरीला मैफलीत बसवले. पुढे चिदानंद आणि भीमण्णा जाधवांनी ती वाजती ठेवली. यंदा घरी कार्य असेल, तर मंडळी, अक्षता पडण्याआधी दहा मिनिटे सनईवाल्यापाशी जाऊन बसा. राग कोणता, तेही विचारा. तो आनंदाने सांगेल.